कोंडीबा बहुरूप्याची टेरिटरी

टेरिटरी हा शब्द मला चहाच्या कंपनीनं शिकवला. एकाहत्तर साली मी पुड्या विकायच्या नोकरीला लागलो, तेव्हा सोलापूरच्या साहेबानं भिंतीवरच्या नकाशावर पेन्सिलीनं एक वाकडंतिकडं कडं काढलं आणि म्हणाला, "मंगळवेढा तालुका. आजपासून ही तुमची टेरिटरी." मी मान हलवली. खोलीवर येऊन डिक्शनरी उघडली, तर लिहिलेलं, सत्तेखालचा मुलूख. आता पाव छटाकाच्या पुड्या विकणाऱ्याची सत्ता ती कसली? पण साहेबानं समजावलं होतं. या कड्यात कंपनीचा दुसरा माणूस पुडी विकणार नाही आणि कड्याबाहेर तुम्ही विकायची नाही. बास, एवढाच अर्थ.

हे मी मंगळवेढ्याच्या एस्टी स्टँडवरच्या हाटेलात एकाला सांगत बसलो होतो. शेजारच्या बाकड्यावर एक फौजदार चहा पीत होता. खाकी कोट, डोक्यावर टोप, मिशीला काजळ, कमरेला लाकडी पिस्तूल. पायात मात्र टायरच्या चपला. तो बशीतला चहा फुंकत ऐकत होता.

"काय म्हनला सायेब? परत म्हना की."

"टेरिटरी."

"म्हंजे जमीन आपली न्हाय, सातबाऱ्यावर नाव न्हाय, पर दुसऱ्यानं तितं पाय टाकायचा न्हाय. आसंच न्हवं?"

"तसंच."

"मग आमच्याबी सात हायती की," फौजदार म्हणाला, आणि उरलेला चहा एका घोटात संपवून उठला.

तो कोंडीबा बहुरूपी. चाळिशी उलटलेला, उंच, हाडाचा रोड, आवाज मात्र ढोलासारखा. त्याचं कापडी पाल मंगळवेढ्याच्या माळावर असायचं. बायको गोजरबाई, एक लेक बजा, दोन गाढवं आणि एक पत्र्याची पेटी, एवढा संसार. पेटीत फौजदार, तलाठी, वैदू, साधू अशी सगळी सोंगं घडी घालून ठेवलेली. पण लोकांना आवडायचा फौजदारच. कोंडीबा गावात शिरायचा तो ओरडतच. कुणाच्या दारात उभा राहून म्हणायचा, "तुज्या कोंबड्यानं पाटलाची झोप मोडली. वारंट निघालंय. कोंबडा हजर कर, न्हायतर सासूला हजर कर." घरातली बाई पदर तोंडाला लावून म्हणायची, "सासूलाच न्या की वो." मग हसणं, मग सूप, मग सुपातली ज्वारी त्याच्या झोळीत.

आणि ही गावं वाटलेली होती. बहुरूप्यांच्या घराघरांत गावं होती, वाडवडलांपासून. कुणाची पाच, कुणाची दहा. दुसऱ्याच्या गावात सोंग घेऊन जायचं नाही. वाट तिथूनच असली तर शिवेवर थांबायचं, तोंड धुवून रंग काढायचा, टोप काखेत घ्यायचा आणि साधा माणूस होऊन गाव ओलांडायचं. विहिरीला पाणी नसलं तर मातीनं तोंड घासायचं, पण रंगल्या तोंडानं जायचं नाही. गावांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मरवड्याच्या मल्लव्वाला मी एकदा सांगितलं की हे तुमचं गाव कोंडीबाच्या मालकीचं आहे. ती मोठ्या वाड्यावस्तीची, चार बैलांची लिंगायत बाई. तिनं दळण निवडता निवडता कोंडीबाकडं बघितलं.

"यप्पा! आमचं गाव तुजं कवा झालं रं? मग येंदा सारा तूच भर."

"अव्वा, सारा सरकारचा, पीक तुमचं. हसू तेवडं माजं," कोंडीबा म्हणाला.

त्याच उन्हाळ्यात बजाचं लग्न झालं. नवरा गुंडा, सांगोल्याकडच्या बहुरूप्याचा पोरगा. सोंगाला बरा आणि स्वभावाला मऊ. त्यांच्यात लेकीला भांडी देत नाहीत, गावं देतात. मांडवात पंच बसले, कोंडीबानं उभं राहून तीन नावं घेतली. मरवडे, हुलजंती, बोराळे. प्रत्येक गावच्या शिवेवरची चिमूटभर माती आणलेली होती, ती बजाच्या ओटीत घातली. मी आहेर घेऊन गेलो होतो. गोजरबाई रडत होती. ती पोरीसाठी रडत होती की गावांसाठी, कुणास ठाऊक. सातांतली तीन चांगली गावं गेली होती. मल्लव्वाचं मरवडं तर सगळ्यांत भारी.

मी म्हटलं, "चारच राहिली की तुम्हाला."

"मला आन् म्हातारीला चार लई झाली," कोंडीबा म्हणाला. "माजी टेरिटरी आता माज्या जावयाची."

हा शब्द त्यानं मनापासून उचलला होता. मांडवात चारचौघांना ऐकू जाईल असा म्हणत होता.

वर्षाच्या आत बजाला मुलगा झाला. त्याचं नाव येडू ठेवलं. आणि पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ आला. मंगळवेढ्याची काळी माती ज्वारीला किती चांगली, हे सांगायला नको, पण त्या साली भेगांत हात जाईल एवढी फाटली. लोक बैल सोडून खडी फोडायला गेले. दारात सोंग आलं तरी सूप कुठून आणायचं? रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी आणि सरकारी सुकडी खाऊन दिवस काढणाऱ्याला हसू येत नाही. कोंडीबा म्हणायचा, "गावं हायती तितंच हायती, मान्संच न्हाईत." गुंडानंही खाकी कोट पेटीत टाकला आणि रस्त्याच्या कामावर गेला. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मुरूम खणताना वरची दरड त्याच्या अंगावर आली. चौघांना बाहेर काढलं, तिघं जगले.

दुष्काळ सरला. ज्वारी उगवली, माणसं परत आली, सुपं परत हलायला लागली. आणि मग प्रश्न उभा राहिला की गुंडाची तीन गावं कुणाची.

गुंडाचा थोरला भाऊ भीमा. पंचांनी सांगितलं, येडू मोठा होईतो भीमानं त्या गावांत सोंग नेऊन ज्वारी मागावी आणि बजाला व तिच्या पोराला सांभाळावं. रीत तशीच होती. बाईमाणूस सोंग घेऊन फिरत नाही. पण भीमाच्या घरात खाणारी सात तोंडं. बजाच्या ताटात येईस्तोवर भाकर संपलेली असायची. जाऊ टोमणे मारायची, "गावं आणलीस म्हनं, एक तरी शिजवून घाल." शेवटी एका सकाळी बजा पोराला काखोटीला मारून बापाच्या पालावर आली.

कोंडीबा पंचांकडं गेला. मी तेव्हा पुड्या घेऊन त्याच वाटेनं निघालो होतो, म्हणून सोबत गेलो. पंचांतला म्हातारा शिवराम म्हणून होता, डोळ्यानं अधू.

"पोरगी माघारी आली, तर तिची गावंबी माघारी द्या," कोंडीबा म्हणाला.

"गावं पोरीला न्हाय दिली कोंडीबा, पोरीच्या घराला दिली. दिलेलं गाव माघारी येत न्हाय. तुज्या बानं तुज्या भनीला दिलेलं आलं का?"

"मग ह्या पोरानं मोटं हून काय खायाचं? त्येच्या पायाखाली काय?"

"भीमा हाय की."

"भीमाला सोताची पाच हायती. तो पोराला एकबी सोडायचा न्हाय. धा वर्सं त्यानं मागितली की गावं त्येचीच हुत्यात, हे तुमास्नी ठावं न्हाय व्हय?"

शिवरामानं तंबाखूची चंची उघडली. त्याला ठाऊक होतं.

वाटेत कोंडीबा मला म्हणाला, "तुमच्या कंपनीत मानूस मेला तर त्येची टेरिटरी कुनाला जाती?"

"साहेब सांगेल त्याला."

"आन् त्येच्या पोराला?"

"काही नाही."

"मग तुमचीबी रीत आमच्यासारकीच की वो," तो म्हणाला.

चौऱ्याहत्तरची संक्रांत झाली आणि मरवड्याच्या बाजारात मी चहाच्या पुड्यांची गाडी लावली होती. सिद्धलिंगप्पाच्या किराणा दुकानासमोर. तेवढ्यात ढोलासारखा आवाज आला. बघतो तर कोंडीबा. खाकी कोट, काजळाची मिशी, तोंडाला रंग. शिवेवर थांबला नव्हता. सरळ चावडीपुढं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "कुनाच्या म्हशीनं कुनाचं दूध दिलं, पंचनामा करायला आलुया." दोन-तीन वर्षांनी त्याचा फौजदार आलेला. पोरं धावली. मल्लव्वानं अख्खं सूप भरून आणलं. "कुटं मेला हुतास रं इतके दिस?" म्हणाली.

झोळी अर्धी भरली असेल, तोच दुसऱ्या बोळातून दुसरा फौजदार आला. तसाच खाकी कोट, तशीच मिशी. तो भीमा.

लोकांनी आधी याच्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं, आणि सगळा बाजार हसायला लागला.

"कुनाच्या हद्दीत आलास?" भीमा म्हणाला.

"माज्या नातवाच्या."

"रंग पूस आदी."

"पुसत न्हाय."

"थेरड्या, गाव माजंय."

"गाव येडूचं हाय. ही त्येची टेरिटरी हाय. तू राखन्या हायेस, मालक न्हाईस."

इंग्रजी शब्द ऐकून लोक आणखी हसले. कुणीतरी ओरडला, "मोटा सायेब कोन तुमच्यात? त्येनं हानावं की दुसऱ्याला." भीमानं कोंडीबाची झोळी धरली. कोंडीबानं सोडली नाही. झोळी फाटली आणि ज्वारी धुळीत सांडली. मग भीमानं लाकडी दांडका काढून त्याच्या खांद्यावर हाणला. कोंडीबा पडला, उठला, त्यानं भीमाची मिशी ओरबाडली. भीमानं पुन्हा हाणला. फौजदार फौजदाराला बडवतोय, याच्याएवढं गंमतीचं सोंग मरवड्यानं कधी बघितलं नव्हतं. बायकांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. पोरं लोळायला लागली. पैसे पडले, ज्वारी पडली, एका बागवानानं तर दोन कांदे टाकले. कोंडीबाच्या कपाळावरून रक्त आलं, तर लोक म्हणाले, कुंकू कुठं लपवलं होतं बघा.

ते कुंकू नव्हे हे मला गाडीवरून दिसलं. मी आणि सिद्धलिंगप्पा मधे पडलो. सिद्धलिंगप्पा दांडगा गडी, त्यानं भीमाला कवळ्यात धरला. लोक चिडले आमच्यावर. म्हणाले, रंगात आलेलं सोंग मोडलं.

पंच बसले. कोंडीबानं हद्द मोडली, हे कबूल. पण त्यानं पंचांपुढं बजाला आणि येडूला उभं केलं, आणि भीमाच्या भाऊबंदांतल्याच एकानं सांगितलं की बजाला तिथं उपाशी ठेवलं होतं. शिवरामानं मग निवाडा दिला तो असा. तिन्ही गावं येडूच्या नावाची. येडू मिशा फुटण्याएवढा होईतो कोंडीबा आणि भीमा, दोघांनी मिळून मागायची. एकट्यानं कुणी जायचं नाही. झोळी निम्मी निम्मी. आणि हद्द मोडली म्हणून कोंडीबानं आपली चार गावं भीमाच्या हवाली करायची.

कोंडीबा "व्हय" म्हणाला. गोजरबाईनं कपाळावर हात मारला, तर तिला म्हणाला, "नातवाची तीन पक्की झाली न्हवं? गप बस."

ज्यानं कपाळ फोडलं त्याच्याबरोबर आता त्याला गावोगाव हिंडायचं होतं. पहिल्या खेपेला दोघं मरवड्यात साधू आणि चेला होऊन गेले. लोक जमले. थोडा वेळ बघितलं आणि एक म्हातारा म्हणाला, "हे र्‍हाऊ द्या. परवाचं दाखवा."

"कंचं?"

"फौजदार फौजदाराला बडवतोय ते."

"ते सोंग न्हवतं बाबा," कोंडीबा म्हणाला.

सगळे हसले. म्हातारा म्हणाला, "बघा, कसं म्हनतंय."

त्या दिवशी झोळीत पसाभर ज्वारी पडली. हुलजंतीला तेच झालं, बोराळ्याला तेच. बातमी पुढं गेलेली होती. चौथ्या खेपेला दोघांनी पेटीतून दोन खाकी कोट काढले. कोण मारायचं आणि कोण मार खायचा, यावर बोलणंही झालं नाही. म्हातारा उंच माणूस पडला की जास्त हसू येतं.

भीमा हलक्या हातानं मारायचा. त्यालाही पोरंबाळं होती, तो काही राक्षस नव्हता. पण हलकं मारलेलं लोकांना कळतं. "आरं जेवला न्हाईस व्हय?" असं ओरडायचे. मग भीमा जोरात मारायचा. गावाबाहेर आल्यावर झाडाखाली दोघं ज्वारी वाटून घ्यायचे. भीमा कधी कधी एक ओंजळ जास्तीची कोंडीबाच्या बाजूला सारायचा. कोंडीबा ती परत ढकलायचा.

मी त्याला स्टँडवर भेटलो की चहा पाजायचो. एकदा बशी उचलताना त्याचा हात वर जाईना.

"सोडा की हे," मी म्हटलं.

"धा सालं ऱ्हायली, बारा ऱ्हायली. पोरगं उब्या उब्या वाडतंय," तो म्हणाला. "तुमास्नी सांगतो, गाव एक साल पडीक ठेवलं की दुसरा मानूस शिरतो. गावाला आटवन नसती. रोज पाय टाकावा लागतो."

बजाला त्यानं काही सांगितलं नव्हतं. गाढवावरून पडलो, ओढ्यात घसरलो, असं काहीबाही सांगायचा. ती गरम विटेनं पाठ शेकायची. तिला कळलं नव्हतं असं मला वाटत नाही, पण बघितलेलं नव्हतं.

शहात्तर साली, दिवाळीच्या आधीचा बाजार. बजा मीठमिरची घ्यायला मरवड्याला आली. येडू साडेचार वर्षांचा, तिचं बोट धरून. चावडीपुढं गर्दी आणि हसणं ऐकून पोर बोट सोडून माणसांच्या पायांतून पुढं घुसलं. बजा त्याच्यामागं. मी त्या दिवशी सिद्धलिंगप्पाच्या पायरीवर होतो.

भीमानं दांडका पाठीत घातला. कोंडीबा पालथा पडला. टोप घरंगळत गेला. सगळा बाजार हसला, आणि त्या हसण्यात एक बारीक, कोवळं हसणं होतं. येडू टाळ्या पिटत होता. "आज्ज्या पडला, आज्ज्या पडला," म्हणत उड्या मारत होता.

कोंडीबा धुळीत हात टेकून उठत होता, तो तसाच थांबला. त्यानं मान वर केली. भीमाचा दांडका वर गेलेला होता, तो वरच राहिला. लोकांना वाटलं, पुढचं विसरले.

बजानं पोराच्या पाठीत धपाटा घातला. मग तिनं पोराला उचललं आणि ती चालायला लागली. मीठमिरची तिथंच राहिली.

संध्याकाळी पालावर गेलो, तर ती गाठोडं बांधत होती. सोलापूरजवळ कुंभारीला तिच्या ओळखीची एक बाई विड्या वळायची, तिच्याकडं निघाली होती.

"त्येला काय कळतंय बजे, ल्हान हाय," कोंडीबा म्हणत होता. "हसू आलं, हासला. त्येचं काय चुकलं?"

"त्येचं न्हाय चुकलं."

"गावं त्येची हायती. त्येच्यासाटीच..."

"बाबा, मोटा झाल्यावर त्यो हेच करंल की. कुनाच्या तरी हातचा दांडका खाईल." ती गाठोड्याची गाठ दातानं ओढत होती. "न्हायतर दुसऱ्याला हानंल. मला ती गावं नकोत. माती घाला त्यास्नी."

कोंडीबानं तिला अडवलं नाही. सकाळच्या एस्टीला स्टँडवर पोचवायला आला, येडूला शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली. पोरगं खिडकीतून त्याला खुणा करत होतं, पड म्हणून.

त्यानंतर कोंडीबा त्या तीन गावांत सोंग घेऊन गेला नाही. भीमानं वर्षभर एकट्यानं मागितली. पंच काही बोलले नाहीत, कारण कुणी तक्रारच केली नाही. पुढं भीमाही कारखान्यावर ऊसतोडीला गेला. गावं मोकळी पडली. गावांना त्याचं काही वाटलं नाही.

अठ्ठ्याहत्तर साली सोलापूरच्या साहेबानं माझी टेरिटरी बदलून करमाळा तालुका दिला. केमपासून पुढचा सगळा. मंगळवेढ्याला शेवटची फेरी केली तेव्हा मल्लव्वाच्या रानात कोंडीबा भेटला. ज्वारी हुरड्यावर आली होती आणि तो मचाणासारख्या माळ्यावर बसून पाखरं राखत होता. गोजरबाई आदल्या साली गेली होती. मल्लव्वा दोन वेळची भाकर द्यायची, वर ज्वारीचं एक पोतं. मला बघून तो खाली उतरला. उतरताना एकेक पाय चाचपून टाकत होता.

मी त्याला सांगितलं की माझी टेरिटरी बदलली.

"नव्या जागी कोन हुता आदी?"

"होता एक."

"त्येचं काय झालं?"

मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

"बजाचं कसं आहे?" मी म्हटलं.

"बरं हाय. इड्या वळती. पोरगं साळंत घातलंय. हुशार हाय म्हनं."

"कधी जाता का?"

"ती लई बोलवती," तो म्हणाला. गोफणीची दोरी बोटाला गुंडाळत आणि सोडत होता. "एकदा गेलतो. पोरानं गल्लीतली समदी पोरं गोळा करून आनली. म्हनलं, आज्ज्या, तसं पडून दाकव की."

"मग?"

"दाकवलं," कोंडीबा म्हणाला. "म्हनून आता जात न्हाय."